डब्लिनहून जायंट्स कॉजवे आणि बेलफास्ट : एका दिवसाची मार्गदर्शित सहल घ्यावी का?

प्रश्न : रेवाकाठ

नमस्कार.

येत्या जुलै महिन्यात मी आणि माझी आई दोन आठवड्यांसाठी आयर्लंडला जात आहोत. मुलगी डब्लिनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेते आणि आम्ही तिच्याकडेच उतरणार आहोत. आईचे वय ७२ आहे. प्रकृती उत्तम आहे, सपाटीवर ती तासभर सहज चालते, पण उजव्या गुडघ्यामुळे उतार आणि पायऱ्या तिला जड जातात. तिने तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आणि उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावरील जायंट्स कॉजवेच्या षटकोनी दगडांची आकृती फळ्यावर कितीदा काढली असेल याची मोजदाद नाही. आयर्लंडला जायचे ठरले तेव्हा तिने एवढे एकच मागणे मागितले, की ते दगड तिला एकदा हाताने चाचपून पाहायचे आहेत.

डब्लिनहून सकाळी सातच्या आधी निघून रात्री आठच्या सुमारास परत आणणाऱ्या बससहली पुष्कळ दिसतात. बहुतेकींचा कार्यक्रम सारखाच आहे : डार्क हेजेस ही जुन्या झाडांची वाट, कॅरिक-अ-रीडचा दोरपूल किंवा तो दुरून दिसेल असा थांबा, कॉजवे, डनलूस किल्ल्याचे अवशेष, आणि शेवटी बेलफास्ट शहरात दीड-दोन तास. बेलफास्टमध्ये टायटॅनिकचे संग्रहालय किंवा काळ्या टॅक्सीतून शहराच्या संघर्षाचा इतिहास दाखवणारी फेरी, या दोहोंपैकी एक निवडायचे असते.

माझ्या शंका अशा आहेत. सुमारे तेरा तासांचा हा दिवस आईला झेपेल का? कॉजवेवर मिळणारा वेळ पुरेसा असतो का? बेलफास्टमध्ये काय निवडावे? मुलीच्या सोयीने आम्ही १२ जुलै हा दिवस धरला आहे. आम्हा दोघींचा आयर्लंडचा व्हिसाचा अर्ज अजून करायचा आहे. उत्तर आयर्लंडच्या हद्दीवर कोणीही पारपत्र तपासत नाही असे मुलीचे मित्र सांगतात, त्यामुळे त्या बाबतीत काही अडचण नसावी असे मी गृहीत धरले आहे.

प्रतिसाद १ : सीमेपल्याड

ताई, आपल्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकी सारे नियोजन त्यावर अवलंबून आहे. हद्दीवर चौकी नाही, हे खरे आहे. आपण हद्द ओलांडली हे फक्त रस्त्यावरच्या पाट्यांवरून कळते, कारण त्यांवरचे अंक किलोमीटरऐवजी मैलांत दिसू लागतात. पण चौकी नसणे आणि परवानगी लागत नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनच्या राज्याचा भाग आहे, आयर्लंड हे स्वतंत्र प्रजासत्ताक आहे, आणि भारतीय पारपत्रधारकाला दोन्हीकडे व्हिसा लागतो. वाटेत बस थांबवून कागदपत्रे तपासल्याचे प्रसंग घडतात. अशा वेळी परवानगी नसलेल्या प्रवाशाची नोंद होते आणि ती पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात आडवी येऊ शकते.

आपल्या दोघींसाठी मार्ग सोपा आहे. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात २०१४ सालापासून एक संयुक्त व्हिसा योजना आहे आणि भारतीय नागरिक तिच्यात मोडतात. भारतातून आयर्लंडचा अल्प मुदतीचा व्हिसा घेताना त्यावर ‘बीआयव्हीएस’ ही या योजनेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे उमटली, तर त्याच व्हिसावर उत्तर आयर्लंडला जाऊन परत येता येते. मात्र आयर्लंडच्या व्हिसावर जाणाऱ्याने आधी आयर्लंडमध्येच उतरावे लागते. पारपत्र हाती आले की ती अक्षरे आहेत का हे सर्वप्रथम पाहावे. ती नसतील तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागेल, आणि आयर्लंडमध्ये परत शिरण्यासाठी तिथला व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा असावा लागेल. युरोपातील इतर देशांचा शेंगेन व्हिसा या दोन्ही ठिकाणी चालत नाही.

खरी अडचण आपल्या मुलीची आहे, आणि आपण तिचा विचारच केलेला दिसत नाही. ती आयर्लंडमध्ये निवासाच्या परवान्यावर राहते. तो परवाना प्रजासत्ताकापुरताच आहे, त्याने उत्तर आयर्लंडचे दार उघडत नाही, आणि संयुक्त योजना अल्प मुदतीच्या व्हिसासाठी असल्याने ती तिला लागू होत नाही. तिला ब्रिटनचा अभ्यागत व्हिसा स्वतंत्रपणे काढावा लागेल. तिथे वर्षानुवर्षे राहणारे आपले विद्यार्थी नेमके इथेच चुकतात, कारण आपण ‘इथलेच’ आहोत असे त्यांना वाटू लागलेले असते. जुलैला अजून वेळ आहे, तेव्हा तिला आजच अर्ज करायला सांगावे.

दोन किरकोळ गोष्टी. हद्दीपलीकडे युरो जाऊन पौंड येतो, आणि उत्तर आयर्लंडमधील बँका पौंडाच्या स्वतःच्या नोटा काढतात. त्या नोटा पुढे लंडनला नेल्या तर दुकानदार घ्यायला कां-कूं करतात, म्हणून तिथल्या तिथेच खर्च कराव्यात. तसेच भारतातून घेतलेले मोबाईलचे पॅकेज केवळ आयर्लंडपुरते असेल, तर हद्द ओलांडताच फोन ब्रिटनचे जाळे पकडतो आणि वेगळा आकार लागतो.

प्रतिसाद २ : काळाकातळ

मी भूविज्ञानाचा विद्यार्थी होतो आणि कॉजवेला दोनदा गेलो आहे, एकदा डब्लिनहून बसने आणि एकदा बेलफास्टला मुक्काम करून. आपल्या आईंनी भूगोल शिकवला आहे हे वाचल्यावर थोडे विस्ताराने लिहावेसे वाटले.

आधी चालण्याविषयी. बस वरच्या वाहनतळावर थांबते. तिथून दगडांपर्यंत साधारण एक किलोमीटरची डांबरी वाट आहे. ती खाली उतरत जाते, म्हणजे परतताना तेवढाच चढ असतो. याच वाटेवर एक लहान बस सतत ये-जा करते, थोड्या पैशांत ती अगदी दगडांच्या कडेला सोडते, आणि आईंनी जाता-येता दोन्ही वेळा तीच घ्यावी. कड्यावरून येणाऱ्या वाटेवर ‘शेफर्ड्स स्टेप्स’ नावाच्या १६२ पायऱ्या आहेत. त्या वाटेला त्यांनी जाऊ नये. मार्गदर्शक सगळ्यांना सांगतो की खाली बसने उतरा, मग कड्यावरून चालत परत या. त्यांच्या बाबतीत हा सल्ला लागू नाही.

दगडांवर चढण्यासाठी पायऱ्या नाहीत, पण स्तंभांची उंचीच पायऱ्यांसारखी कमीजास्त आहे आणि भूभागाकडचे बरेच स्तंभ गुडघ्याच्याही खाली आहेत. हात धरून त्या तिथे सहज बसू शकतील. पाण्याजवळचे, काळसर झाक असलेले दगड मात्र शेवाळाने निसरडे असतात आणि लाट तिथे अचानक वर येते. तिकडे कोणीच जाऊ नये.

आता त्यांना काय पाहता येईल ते सांगतो. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिक उघडू लागला तेव्हा या भागात भूपृष्ठाला भेगा पडून लाव्हारसाचे थर पसरले. खाली आधीपासून चॉकचा पांढराशुभ्र खडक होता, आणि कॅरिक-अ-रीडच्या आसपास हा पांढरा खडक व त्यावरचा काळा बेसॉल्ट एकमेकांलगत दिसतात. पहिले थर निवल्यावर दीर्घ काळ शांततेचा गेला. त्या काळच्या उष्ण, दमट हवेत वरचा खडक कुजून त्याचा तांबडा जांभा झाला. कोकण पाहिलेल्या माणसाला कड्याच्या पोटातला तो तांबडा पट्टा ओळखू येण्यासाठी मार्गदर्शकाची गरज पडत नाही. पुढे या पृष्ठभागावर नद्यांनी दऱ्या कोरल्या आणि नंतरच्या उद्रेकातला लाव्हारस त्यांपैकी एका दरीत साचला. तो जाड होता, म्हणून सावकाश निवला. निवताना तो आकसला, आकसताना तडे गेले, आणि ते तडे वरून व खालून आत आत सरकत गेल्याने उभे स्तंभ तयार झाले. एकसारख्या आकसणाऱ्या पृष्ठभागावरचा ताण कमीत कमी लांबीच्या तड्यांनी मोकळा व्हायचा, तर तडे सुमारे १२० अंशांत मिळतात, आणि म्हणून बहुसंख्य स्तंभ षटकोनी आहेत. पण निसर्गातला थर कुठेच पूर्णपणे एकसारखा नसतो. आईंनी फळ्यावर काढलेल्या आकृतीपलीकडे तिथे पाच, सात आणि क्वचित चार किंवा आठ बाजूंचे दगडही आहेत. ते शोधण्यात माझा पहिला तास कसा गेला ते कळले नाही.

स्तंभांना आडवेही तडे आहेत. त्यामुळे एकेक स्तंभ चकत्या रचल्यासारखा दिसतो, आणि काही चकत्यांचा माथा उखळासारखा खोलगट तर काहींचा फुगीर असतो. खोलगट माथ्यांत पावसाचे पाणी साठते. हाताने चाचपायचे असेल तर हेच चाचपावे. असे सुमारे ४०,००० स्तंभ तिथे आहेत आणि कड्यात उभे असलेले सर्वांत उंच स्तंभ १२ मीटरच्या आसपास भरतात. १९८६ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

मार्गदर्शक बसमध्ये फिन मॅककूलची कथा सांगतोच. स्कॉटलंडच्या बेनँडॉनर या राक्षसाशी लढायला जाण्यासाठी फिनने समुद्रातून हा दगडी मार्ग बांधला, अशी ती कथा आहे. तिला एक भक्कम आधारही आहे, कारण पलीकडे स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावरील फिंगलच्या गुहेत अगदी अशाच स्तंभांच्या रांगा आहेत. दोन्ही टोके पाहिलेल्या दर्यावर्दी लोकांना मधला मार्ग बुडाला असावा असे वाटणे साहजिक होते.

एक कळकळीची विनंती. भेटीची खूण म्हणून लोक दगडांच्या फटींत नाणी ठोकून बसवतात. नाणी गंजतात, फुगतात आणि दगडाचे पापुद्रे निघतात. जागा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टने २०२५ साली हे थांबवा म्हणून जाहीर आवाहन केले. आपल्या गटातले कोणी असे करताना दिसले तर त्यांना अवश्य थांबवावे.

वेळेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. डब्लिनच्या सहलीत कॉजवेला दीड ते दोन तास मिळतात. छोट्या बसची रांग, स्वच्छतागृह आणि जेवण यांत त्यातला बराच वेळ जातो, आणि दगडांवर उरतो तो जेमतेम पाऊण तास. छायाचित्र काढायला तेवढा वेळ पुरतो. तीस वर्षे शिकवलेली गोष्ट पाहायला तो पुरणार नाही.

प्रतिसाद ३ : जुनेगलबत

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे. मी बेलफास्टविषयी आणि त्या तारखेविषयी लिहिते.

ताई, १२ जुलै हा दिवस कृपया बदला. सन १६९० मध्ये बॉइन नदीच्या काठी प्रॉटेस्टंट राजा विल्यमने कॅथलिक राजा जेम्सचा पराभव केला. त्या विजयाच्या स्मरणार्थ उत्तर आयर्लंडमध्ये १२ जुलैला सार्वजनिक सुट्टी असते, ऑरेंज या प्रॉटेस्टंट संघटनेच्या मोठ्या मिरवणुका निघतात, आणि आदल्या रात्री अनेक वस्त्यांत प्रचंड होळ्या पेटतात. बेलफास्टमधील कित्येक रस्ते बंद असतात, दुकानेही बरीच बंद असतात, आणि सहलींचे मार्ग बदलतात. १२ तारीख रविवारी आली तर मिरवणुका सोमवारी निघतात, म्हणून १३ तारीखही तपासून पाहावी. एका समाजाचा हा मोठा उत्सव असतो आणि दुसऱ्या समाजातील अनेकांना तो नकोसा वाटतो. पाहुण्याने, तेही वयस्क आईंबरोबर, नेमका तो दिवस निवडू नये. डब्लिनहून उत्तरेला जाताना ड्रोहेडाजवळ महामार्ग ज्या नदीवरून जातो तीच ही बॉइन. मार्गदर्शक बोलला नाही तर आपणच आईंना दाखवावी.

आता टायटॅनिक की टॅक्सी. टायटॅनिक जिथे बांधले गेले त्या हारलंड अँड वोल्फच्या जुन्या गोदीतच २०१२ साली हे संग्रहालय उघडले. ते उत्तम आहे, पण नीट पाहायला अडीच तास लागतात. दीड तासात मी धावतच बाहेर आले, आणि ज्या उतारावरून ३१ मे १९११ रोजी ते जहाज पाण्यात सोडले गेले तिथे पाच मिनिटेसुद्धा उभी राहू शकले नाही. इमारतीमागचा तो उतार पाहायला तिकीट लागत नाही. टायटॅनिक आणि तिची थोरली बहीण ऑलिम्पिक यांचे आराखडे तिथे जमिनीवर खऱ्या मापात आखलेले आहेत. त्या रेषेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्यावर जहाजाचा आकार जेवढा कळतो, तेवढा आतल्या कोणत्याही प्रतिकृतीने कळत नाही. जवळच नोमॅडिक नावाची लहान बोट उभी आहे. फ्रान्समधील शेरबूर्ग बंदरात खोल पाण्यात थांबलेल्या टायटॅनिकपर्यंत तिने प्रवासी नेले होते. त्यांतले किती जण परतले असतील, हा विचार त्या बोटीच्या बाकावर बसल्यावर मनातून जात नाही.

वेळ दीड तासच असेल तर मात्र टॅक्सीची फेरी घ्यावी. फॉल्स रोड ही कॅथलिक, राष्ट्रवादी वस्ती आणि शँकिल रोड ही प्रॉटेस्टंट, ब्रिटनशी निष्ठा राखणारी वस्ती यांच्यामध्ये १९६९ साली पहिल्या ‘शांतता भिंती’ उभ्या राहिल्या. त्या तात्पुरत्या असतील असे तेव्हा सांगितले गेले, आणि त्या आजही उभ्या आहेत. काही ठिकाणची फाटके अजून रात्री बंद होतात. सुमारे तीस वर्षांच्या संघर्षात ३,५०० हून अधिक माणसे मेली आणि १० एप्रिल १९९८ च्या शांतता करारानंतरच शहर हळूहळू सावरू लागले. चालक बहुधा याच वस्त्यांतले असतात, आणि त्यांच्या घरातल्या आठवणी या इतिहासात गुंतलेल्या असतात. मी ज्या चालकाबरोबर गेले त्याला मी विचारले की भिंतीपलीकडचा माणूस हीच गोष्ट कशी सांगेल. तो थोडा वेळ थांबला आणि मग त्याने ती बाजूही मनापासून सांगितली. हा प्रश्न जरूर विचारावा, कारण एकाच चालकाकडून ऐकलेला इतिहास अर्धाच राहतो.

माझ्या सहलीत काय झाले तेही सांगते, कारण त्यावरून निर्णय घेणे सोपे जाईल. त्या दिवशी वारा फार होता. कॅरिक-अ-रीडचा पूल २० मीटर लांब आहे आणि पाण्यापासून ३० मीटर उंचीवर टांगलेला आहे, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात तो बंद ठेवतात, आणि तो त्या दिवशी बंद होता. त्यात कंपनीचा काहीच दोष नव्हता. पण वाचलेला वेळ कॉजवेला देण्याऐवजी आम्हाला एका भेटवस्तूंच्या दुकानात तासभर बसवून ठेवले, पुढे वाहतूक तुंबली, आणि बेलफास्टचे दीड तास ४० मिनिटांवर आले. तेव्हा आरक्षणाआधी लेखी विचारावे की पूल बंद असेल तर तो वेळ कुठे जाईल. याचे नीट उत्तर देणारी कंपनी बहुधा बाकीचेही नीट करते.

प्रतिसाद ४ : काळाकातळ

जुनेगलबत यांनी किनारा आणि शहर वेगवेगळे मांडले आहेत. त्यांना जोडणारा एक धागा मला सांगायचा आहे. इंग्लंडवर चालून आलेल्या स्पॅनिश आरमारातील जिरोना हे जहाज ऑक्टोबर १५८८ मध्ये कॉजवेजवळच्या लकाडा पॉइंटवर फुटले. त्यावर सुमारे १,३०० माणसे होती, कारण आधी बुडालेल्या जहाजांतले लोकही त्यावर चढले होते, आणि त्यांतले मोजकेच वाचले. जवळच्या एका खाडीचे नावच ‘पोर्ट ना स्पॅनिया’ असे पडले. डनलूसचा सरदार सॉर्ली बॉय मॅकडॉनेल याने जहाजाच्या तोफा आपल्या किल्ल्यावर नेल्या. समुद्रतळाशी राहिलेले सोने १९६७ पासून पाणबुड्यांनी वर काढले आणि आज ते बेलफास्टच्या अल्स्टर संग्रहालयात आहे. त्यात माणिके जडवलेली, सालमांडर या पालीसारख्या प्राण्याची सोन्याची एक आकृती आहे, ती पाहिल्याशिवाय येऊ नये. या संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही, मात्र सोमवारी ते बंद असते. डब्लिनच्या एकदिवसीय सहली तिथे जात नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी की मार्गदर्शित सहल घ्यावी, पण डब्लिनहून नव्हे तर बेलफास्टहून. डब्लिनच्या कॉनॉली स्थानकातून बेलफास्टला रेल्वे जाते, प्रवास दोन-सव्वादोन तासांचा आहे, आणि आता गाड्या जवळजवळ दर तासाला आहेत. पहिल्या दिवशी अल्स्टर संग्रहालय आणि टॅक्सीची फेरी, रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास किनाऱ्याची सहल. बेलफास्ट ते कॉजवे अंतर १०० किलोमीटरच्या आत आहे. डब्लिनहून तेच अडीचशेच्या पुढे जाते. स्वतः गाडी चालवण्याचा विचार असेल तर तो मी सुचवणार नाही, कारण अरुंद रस्त्यावर नजर ठेवणाऱ्याला समुद्र दिसत नाही.

प्रतिसाद ५ : रेवाकाठ

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. मुलीशी काल बोलले. तिला खरोखरच काही कल्पना नव्हती, आणि गेल्या वर्षी तिच्या वर्गातले काही जण असेच जाऊन आले हे आठवून ती गंभीर झाली. ती या आठवड्यात ब्रिटनच्या व्हिसासाठी अर्ज करत आहे, आणि तो वेळेत आला नाही तर मी आणि आई दोघीच जाऊ. तारीख बदलून जुलैचा तिसरा आठवडा धरला आहे आणि बेलफास्टला दोन रात्री राहायचे ठरवले आहे.

जांभ्याच्या पट्ट्याबद्दलचा परिच्छेद आईला वाचून दाखवला. तिने तो पुन्हा वाचायला लावला आणि वहीत उतरवून घेतला. तिचा एक प्रश्न आहे. बेलफास्टहून जाणाऱ्या काही सहली आतल्या महामार्गाने आणि काही किनाऱ्यालगतच्या रस्त्याने जातात असे दिसते. यांतली कोणती निवडावी?

प्रतिसाद ६ : काळाकातळ

निदान जाताना तरी किनाऱ्याच्या रस्त्याने नेणारी निवडावी. लार्नपासून पुढचा हा रस्ता १८३० च्या दशकात कड्यांच्या पायथ्याशी, समुद्राला लागून बांधला आणि १८४२ मध्ये पूर्ण झाला. कार्नलॉकसारखी लहान बंदरे त्याच वाटेवर लागतात. आईंना सांगावे की लार्न सोडल्यावर पांढरा खडक आणि त्यावर बसलेला काळा खडक आलटून पालटून येत राहतात, म्हणजे कॉजवेला पोहोचण्याआधीच निम्मा धडा त्यांच्या नजरेखालून गेलेला असेल. हवा स्वच्छ असेल तर समुद्रापलीकडे, जेमतेम २० किलोमीटरवर, स्कॉटलंडचा किनारा दिसतो. वळणे पुष्कळ आहेत, म्हणून बस लागत असेल तर आधी गोळी घ्यावी. उत्तरेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, पण कडे डावीकडे येतात. तेव्हा आईंना डाव्या खिडकीशी बसवावे आणि आपण उजवीकडे बसावे.